दिव्याचे पडदे

किल्ल्याखालची गल्ली, ११ मार्च १९७४

आउरेलिया,

मी मेलेली नाही, म्हणून हे पत्र मीच लिहिते आहे. मेले असते तर शेजारची पुरा हिनं लिहिलं असतं आणि त्यात रडणं जास्त असतं. दोन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही. तूही चॉकलेटं सोडून काही पाठवलं नाहीस. तेव्हा त्या ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात कोण काय बोललं ते मी उगाळत नाही. तू म्हणालीस मुलगी माझी आहे. मी म्हणाले नऊ महिने तुझी, तू गेल्यापासूनची सगळी वर्षं माझी. तू ताट तसंच टाकून स्वित्झर्लंडची गाडी धरलीस. शेंगांची उसळ मी मग पुराच्या कोंबड्यांना घातली. एवढंच.

लिहायचं कारण तीच मुलगी. सेली.

पोरीची लक्षणं ठीक नाहीत. दुपारी मासळीच्या कारखान्यातून सुटली की घरी येत नाही. किल्ल्यावर जाते. तिथल्या दीपगृहाचा म्हातारा दिवेवाला सातूरियो गेल्या वर्षी निवृत्त झाला हे तुला कोणी कळवलं असेलच, तुझी इथे माणसं आहेत हे मला ठाऊक आहे. त्याच्या जागी बाल्दोमेरो नावाचा एक आलाय. थेट सामोराकडचा, गव्हाच्या मुलखातला. पन्नाशीचा, विधुर, मिशा कातरलेल्या. चाळीस वर्षांचा होईपर्यंत ज्यानं समुद्र पाहिला नाही त्याला सरकारनं समुद्राचा दिवा दिला.

आता ऐक. सातूरियो तीस वर्षं सकाळी दिव्यावर एक जुनं शीड टाकायचा आणि खाली दारू प्यायला यायचा. हे सगळ्या गावाला माहीत. या नव्यानं ते शीड जाळलं आणि काचेभोवती चहूबाजूंनी पांढरे पडदे लावले. दिवसाढवळ्या, ऊन असताना, तो पडदे ओढतो. आणि सेली आत असते. मांदेलीची डोकी तोडायला बसलं की कारखान्याच्या खिडकीतून बुरूज समोरच दिसतो. चाळीस बायका आणि ऐंशी डोळे. "ओब्दुलियाबाई, पडदे ओढले बरं का," असं पुरा रोज मला सांगते, जसं काही मी आंधळी आहे.

ते पडदे शिवले कोणी? सेलीनं. माझ्या मशीनवर. मला सांगितलं, देवळासाठी आहेत. मी पाद्रीबुवांना विचारलं. देवळात एक नवी चिंधी नाही.

आणि हात. जिचे हात खारवलेल्या मासळीत असतात तिच्या हाताला मासळीचा वास यावा. लिंबू घास, व्हिनेगर घास, तो जात नाही. सेली संध्याकाळी येते तेव्हा तिच्या हाताला दारूचा वास येतो. ती झोपली असताना मी हुंगलेत.

तू आई आहेस ना, मग तिला खरमरीत लिही. माझं ती ऐकत नाही.

आणखी एक. तुझं कुठलंही पत्र इकडे आलेलं नाही. इल्देफोन्सो पोस्टमनला गुडघ्यांमुळे वरच्या पायऱ्या चढवत नाहीत. सगळ्या गल्लीची पत्रं तो माझ्याच खिडकीत टाकतो, तेव्हा आलं असतं तर मला कळलंच असतं. पण समजा, समजा म्हणते, की तू वकिलातीत जाऊन शिक्का मारून सही करून एखादा कागद केला असशील, तर लक्षात ठेव. या गल्लीत वकिलातीचा शिक्का आजवर चार वेळा आला. चारही वेळा कुणीतरी परदेशी गेलं आणि एकेक खाट रिकामी झाली. पाचवी होणार नाही.

तब्येत बरी आहे. विचारलं नसलंस तरी सांगते.

ओब्दुलिया

३१ मार्च

आउरेलिया,

तुझं पत्र पोचलं. माझ्या नावानं होतं म्हणून वाचलं.

चार पानांत तू तीनदा विचारतेस, सेलीला परीक्षेचा कागद मिळाला का. कसली परीक्षा? कुणाची? मासळीचे काटे काढायची परीक्षा मी स्वतः घेतली तिची, बारा वर्षांची असताना, आणि ती पास झाली. तू म्हणतेस दिवेवाल्याची परीक्षा, माद्रिदला, आता बायकांनाही बसता येतं, पाच वर्षांपूर्वी कायदा बदलला. मला काय काल जन्मलेली समजतेस? दर्यावर बाईमाणूस आलेलं चालत नाही म्हणून ज्या गावात मला बापाच्या होडीला हात लावू दिला नाही, त्या गावात दिवा पोरीच्या हातात देणार? तुला ती तिकडे घड्याळाच्या कारखान्यात न्यायची आहे. सरळ तसं लिही. मी तुला जन्म दिलाय, तुझं खोटं मला तुझ्याआधी कळतं.

कागदबिगद कुणी पाहिलेला नाही.

सेलीला मी काही विचारलं नाही, पण नजर ठेवून आहे. इल्देफोन्सोच्या शिट्टीला ती खिडकीत येऊन उभी राहते. माझ्या हातातून गठ्ठा घेते, चाळते, परत देते.

"कोणाची वाट बघतेस गं?"

"कोणाची नाही."

"एवढी खिडकीशी लोंबकळतेस ती?"

"आजी, तू रोज पडद्याआडून वाकून बघतेस ती कोणाची वाट बघतेस?"

जीभ माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. 

गुरुवारी मी स्वतः वर गेले. हातात लाल शेंगांच्या उसळीचं भांडं घेतलं, रिकाम्या हातानं गेलं की लोक कारण विचारतात. गुडघे दोनदा थांबले. बाल्दोमेरोनं दार उघडलं आणि पहिलं काय म्हणावं? "बाई, बूट काढा, या सपाता घाला." दारात लोकरीच्या सपातांचे दोन जोड. दोन! एकट्या माणसाला दोन जोड कशाला? एक जोड लहान होता. माझ्या पायात बरोबर बसला. सेलीचा आणि माझा पाय एकच आहे.

"फरशीला वाळूचा कण लागला की काचेला ओरखडे पडतात," म्हणाला.

"फरशीवरून काचेवर उडी मारतो वाटतं कण."

"उडतो, बाई. वारा आहे इथे."

मी म्हटलं, माझी नात इथे काय करते? तर म्हणे, "ते तिलाच विचारा. मी सांगितलं तर ती रागावेल." पन्नाशीचा बाप्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या रागाला भितो! वर म्हणाला, "मुलगी हुशार आहे. इथे खाली मिठात ती वाया जाईल." मी विचारलं, मग कुठे वाया जायला हवं? त्यानं माझ्या बुटांखालची वाळू झाडायला घेतली. शेंगा मात्र ठेवून घेतल्या.

टेबलावर दोन वह्या होत्या. एका वहीवर तिचं अक्षर. मी उचलली तर नुसते आकडे आणि टिंबं आणि रेघा. प्रेमपत्रं असती तर समजली असती. हे त्यांचं काहीतरी गुप्त आहे.

पाणी मुरतंय. कुठे ते मी शोधून काढीन.

ओब्दुलिया

२२ एप्रिल

आउरेलिया,

ईस्टर झाला. सेली माझ्याबरोबर देवळात आली, माझ्याशेजारी बसली, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गावात अशी बातमी आहे की कुणीतरी प्रांताच्या मोठ्या साहेबाला निनावी चिठ्ठी पाठवली. दिवेवाला सरकारी दिव्यात तरण्या पोरीला बोलावतो, पडदे लावतो, दारू पाजतो, असं त्यात लिहिलंय म्हणे. कोणी लिहिली माहीत नाही. पुरा म्हणते बरं झालं. मी काहीच म्हणत नाही. लिहिणाऱ्यानं विचार करूनच लिहिली असेल. जिला गाव बोल लावायला टपलंय अशी नात जिच्या घरात आहे तिनं हातावर हात ठेवून बसायचं का? तूच सांग. आणि तू सांगणार कशी, तू तिकडे बील गावात घड्याळाची चाकं बसवतेस.

तू पुन्हा कागदाचं विचारलंस. दुसरा पाठवायला वकिलातीची वेळ घ्यावी लागते, आठवडे जातात, जूनच्या वीस तारखेच्या आत माद्रिदला पोचायला हवा, असं लिहिलंस. वाचलं. हंगाम सुरू आहे, होड्या भरून येताहेत, पिंपांवर तारखा मलाच लिहायच्या असतात. मला वेळ नाही.

परवा मांदेलीचे थर लावताना सेली मधेच म्हणाली, "आजी, आई मला तिकडे का नाही घेऊन गेली?"

मी म्हटलं, "तिलाच विचार."

"विचारलं. दुसरंही काही विचारलं. ती उत्तर देत नाही."

मी तिला मीठ द्यायला सांगितलं. तिनं दिलं.

तुला वाटेल मला बरं वाटलं असेल. हो, वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं. मग जेवताना ती पाव तेलात बुडवून तसाच धरून बसली, तेल मनगटापर्यंत ओघळलं तरी तिला कळलं नाही. माझ्या घरात पाव वाया गेला की मला झोप लागत नाही. तेवढंच कारण.

ओब्दुलिया

१९ मे

आउरेलिया,

हे पत्र मोठं होईल. बसून वाच.

गेल्या रविवारी ऊन पडलं. इथलं ऊन म्हणजे बिशपसारखं, वर्षातून दोनदा येतं आणि सगळ्यांना बाहेर काढतं. प्रार्थना संपवून बायका धक्क्यावर उभ्या होत्या. पुरा म्हणाली, "ओब्दुलियाबाई, पडदे." मी वर बघितलं. चारी बाजूंनी ओढलेले. सेली देवळातून माझ्याआधी निसटली होती.

मी मागच्या पायऱ्यांनी गेले. दार नुसतं लोटलेलं. या वेळी सपाता घातल्या नाहीत, आवाज होऊ नये म्हणून बूट हातात घेतले. जिन्यातून दोघांचे आवाज येत होते. तो म्हणत होता, "मग?" ती हळू काहीतरी बोलत होती. तो म्हणाला, "आणि मग? घाबरू नकोस, सांग." आउरेलिया, तूही तेच समजली असतीस.

मी वर शिरले आणि कुणाकडे न बघता, बोलायचं ते मागाहून बोलू म्हणून, गावाकडचा पडदा दोन्ही हातांनी धरून ओढून काढला. दांडीसकट आला. सगळ्या गावाला दिसू दे, असं मनात होतं.

गावाला दिसलं ते असं. बाल्दोमेरो खिडकीजवळ स्टुलावर बसलेला, मांडीवर पुस्तक, बाहेरच्या बाजूला तोंड. सेली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दिव्याच्या काचेचं दार उघडून आत हात घातलेला, हातात फडकं. काच पुसत होती आणि पुसता पुसता किनाऱ्यावरचे दिवे पाठ म्हणत होती. कोणता दिवा किती वेळा उजळतो, मधे किती सेकंद अंधार, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत. त्याचं "मग?" म्हणजे पुढचा दिवा कुठला.

ऊन आत आलं. ती काच माणसाएवढी आहे, सगळी भिंगांची. काचेतून ऊन गोळा होऊन आत कुठेतरी एका ठिपक्यावर पडतं. तिथे तिचा हात होता, आणि हातातलं फडकं स्पिरिटमध्ये भिजवलेलं होतं. काच स्पिरिटनं पुसतात. तो वास.

ज्योत निळी होती, दिसलीसुद्धा नाही नीट. फक्त तिनं हात झटकला आणि बाल्दोमेरोनं कोट काढून तिच्या हातावर टाकला. ती ओरडली नाही. पहिलं काय म्हणाली सांगू?

"आजी, पडदा धर."

मी तो खाली पडलेला पडदा उचलला आणि हात वर करून काचेसमोर धरून उभी राहिले, तो तिचा हात बादलीत घालून धरेपर्यंत. खाली धक्क्यावर पुरा आणि बाकीच्या मान वर करून बघत होत्या. त्यांना मीच दिसत होते, दीपगृहात, पडदा धरलेली.

बाल्दोमेरो म्हणाला, "बाई, म्हणून पडदे." याहून जास्त बोलला असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

डाव्या हाताची दोन बोटं भाजलीत. डॉक्टर म्हणाले, चामडी येईल, वाकतील. उजवा हात शाबूत आहे, लिहिता येतं. घरी आल्यावर मी मलम लावत होते तेव्हा ती बोलली. परीक्षा खरी आहे. तू लिहिलं होतंस तशीच. ती एकवीसची नाही म्हणून आईची संमती लागते, वकिलातीच्या शिक्क्यानं.

"आईला तीन पत्रं लिहिली," म्हणाली. "एकाचंही उत्तर नाही. तिला मी नको आहे. तू लहानपणापासून सांगत होतीस, मीच मानत नव्हते. आता मानते."

तेरा वर्षं मला हेच तिच्या तोंडून ऐकायचं होतं, आउरेलिया. ऐकलं. मलमाची डबी बंद करता येईना मला.

आता तुला कळलं असेल, तरी मी लिहिते, अर्धवट कबुली मला आवडत नाही. तुझी तिन्ही उत्तरं आली. तिन्ही सेलीच्या नावानं. पहिल्यात तो कागद होता. मी उघडला, शिक्का बघितला, खाली तुझी सही, आणि चुलीत घातला. या गल्लीत त्या शिक्क्याचा दुसरा अर्थ कुणाला माहीत नाही. बरोबर तुझी चिठ्ठी होती. ती वाचली नाही. नंतरची दोन पाकिटं उघडलीही नाहीत. दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं असं की वाचली असती तर जाळता आली नसती.

साहेबाला चिठ्ठी मीच लिहिली होती. तेही तुला कळलं असेल. गुरुवारी साहेब आला. टेबलावर चिठ्ठी पसरली, बाल्दोमेरोला म्हणाला, हे अक्षर ओळखता का. तो म्हणाला, नाही. खोटं बोलला. गावातल्या प्रत्येक पिंपावर माझ्या हातचा आकडा आहे, सातला मी मधे रेघ मारते तशी कुणी मारत नाही, आणि चिठ्ठीत सतराव्या तारखेचा उल्लेख होता. सेलीनं चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "साहेब, अक्षर माझं. तक्रार माझी. मूर्खपणाही माझा, तो कुठे नोंदवायचा असेल तर नोंदवा." तो म्हणाला, आजीबाई, एकदा फाइल उघडली की अशी बंद होत नाही. चौकशी संपेपर्यंत मुलीनं दिव्यात पाऊल टाकायचं नाही.

तेव्हा आता बाल्दोमेरो संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येतो. ज्या टेबलावर आपण मासळी साफ करायचो तिथे पुस्तकं मांडतो. मी दारातच त्याला बूट काढायला लावते. उगाच. मी चुलीजवळ बसून ऐकते, आता मलाही बिल्बाओपर्यंतचे दिवे पाठ झालेत. एका दिव्यावर मी तिला अडवलं, ती दोनदा उजळतो म्हणाली, मी म्हटलं तीनदा. तिनं वहीत बघितलं. तीनदाच होतं. गल्ली काय म्हणते विचारू नकोस. म्हातारीनंच घरात आणला, असं म्हणतात. पुराला मी सांगितलं, पुरा, तू वर बघत राहा, तुझी मान तरी सुधारेल.

काल मी सेलीला चुलीचं सांगितलं. मुद्दाम मासळी हातात असताना सांगितलं, हात रिकामे असले की माणसं नको ते करतात. तिनं आणखी अकरा मांदेल्या साफ केल्या, एका हातानं. मी मोजल्या. मग म्हणाली, "तिन्ही?"

"तिन्ही."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही."

"म्हणजे तेही गेलं," म्हणाली. आणि सुरी पुसून ठेवत, "लिही तिला. आज. मी स्वतः टाकते पेटीत."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. ती परीक्षा पास झाली तर सरकार तिला कुठल्या तरी खडकावर पाठवेल, इथून दहा गावं लांब, आणि खाट रिकामी होणार ती होणारच. तेव्हा शिक्क्याबद्दल माझं अगदीच चुकलं होतं असं नाही. फक्त ती तुझ्याकडे येणार नाही, एवढंच.

हे पत्र तिनं वाचलंय. मीच दिलं वाचायला. तिनं 'मूर्खपणा' हा एक शब्द खोडायला सांगितला, मी खोडला नाही.

आता काम ऐक. उद्याच्या उद्या वकिलातीत जा. वेळ मिळत नसेल तर दारात बस, तुला कसं बसायचं ते माहीत आहे, माझीच मुलगी आहेस. सही कर, शिक्का मार, जलद टपालानं पाठव. जूनची वीस तारीख. आणि त्या तीन पत्रांत जे लिहिलं होतंस ते आठवेल तेवढं पुन्हा लिही तिला.

पाकिटावर या घराचा पत्ता घालू नकोस. "सेलेदोनिया, द्वारा दिवेवाला बाल्दोमेरो, दीपगृह, किल्ला" असं लिही. संध्याकाळी तो तिच्या हातात देईल. इल्देफोन्सोला मी बजावलंय, गुडघे मोडले तरी वर चढ, पण तुझं पत्र माझ्या हातात द्यायचं नाही, मी मागितलं तरी.

आणि मी मागेन. मी मला ओळखून आहे.

ओब्दुलिया